तेलाने माखलेल्या सागराची परीक्षा

समुद्राच्या पाण्यावर तेलाचा एक थेंब पडला, तर तो पाहता पाहता पसरतो आणि त्याचा अतिशय पातळ, इंद्रधनुष्याचे रंग दाखविणारा तवंग तयार होतो. बंदराच्या धक्क्यावर उभे राहणाऱ्या कोणासही हे दृश्य अपरिचित नाही. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर तरंगते, ही गोष्ट शाळेतील मूलही जाणते. समुद्रात तेल सांडले, तर त्याचा शोध पृष्ठभागावर घ्यावा, तवंग गोळा करावा, किनारा स्वच्छ करावा आणि काम संपले असे मानावे, अशी सर्वसाधारण समजूत या अनुभवातूनच निर्माण झालेली आहे. ही समजूत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. ती किती अपुरी आहे, याचा प्रत्यय २०१० साली मेक्सिकोच्या आखातात आला. तेथे तेलाचा काही भाग पृष्ठभागावर आलाच नाही. तो एक किलोमीटरहून अधिक खोलीवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या स्थितीत पसरत राहिला. त्याचा माग केवळ मोजमापांच्या साहाय्यानेच काढता आला.

दीड किलोमीटर खोलीवरील विहीर

२० एप्रिल २०१० रोजी रात्री, अमेरिकेच्या लुईझिआना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटर अंतरावर, ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या खोदकाम-मंचावर स्फोट झाला. त्यात ११ कामगारांना प्राण गमवावे लागले. दोन दिवसांनी तो जळता मंच समुद्रात बुडाला. त्याच्या खाली सुमारे १,५०० मीटर खोलीवर, समुद्राच्या तळाशी असलेल्या ‘मकॉन्डो’ नावाच्या विहिरीतून तेल आणि नैसर्गिक वायू बाहेर पडू लागले. १५ जुलै रोजी विहिरीवर झाकण बसेपर्यंत, म्हणजे ८७ दिवस, हा प्रवाह चालू होता. सप्टेंबरमध्ये विहीर कायमची बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले.

किती तेल बाहेर पडले, हा अगदी पहिला प्रश्न होता. परंतु त्याचेच उत्तर सर्वांत कठीण ठरले. आरंभी दररोज १,००० पिंपे आणि नंतर ५,००० पिंपे असा अंदाज सांगितला गेला. तेलउद्योगात एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. पुढे अधिक काळजीपूर्वक केलेल्या मापनांवरून, प्रवाह आरंभी दररोज सुमारे ६२,००० पिंपे आणि अखेरीस सुमारे ५३,००० पिंपे असावा, असा निष्कर्ष ऑगस्टमध्ये काढण्यात आला. २०१५ साली न्यायालयाने सर्व पुरावा तपासून, सुमारे ३१ लाख ९० हजार पिंपे तेल समुद्रात गेले, असे ठरविले. लिटरमध्ये सांगावयाचे तर ही राशी ५० कोटींच्या घरात जाते. पहिला अंदाज आणि नंतरचे मापन यांत जेथे पन्नासपटींहून अधिक अंतर पडू शकते, तेथे नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबून चालत नाही, हे उघड आहे.

तेल वर का आले नाही?

उथळ समुद्रात विहीर फुटली, तर तेल आणि वायू उकळत्या पाण्यासारखे वेगाने वर येतात. १९७९ साली मेक्सिकोच्याच किनाऱ्यापासून दूर ‘इश्टोक’ ही विहीर फुटली, तेव्हा तेथील पाणी सुमारे ५० मीटर खोल होते. मकॉन्डो विहीर त्याच्या तीसपट खोल होती. पाण्यात दर १० मीटर खाली गेले, की दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे विहिरीच्या मुखापाशी दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट होता. एवढ्या दाबाखाली जोराने उसळणाऱ्या तेलाचे असंख्य बारीक थेंब बनतात आणि मिथेनसारखे वायू पाण्यात विरघळू लागतात.

वर जाणारा तेलाचा झोत आपल्याबरोबर तळाचे थंड व जड पाणीही ओढून नेतो. जसजसा हा झोत वर चढतो, तसतसे भोवतालचे पाणी किंचित उबदार व हलके होत जाते. अखेर अशी एक पातळी येते, की झोताबरोबर आलेले मिश्रण भोवतालच्या पाण्याहून हलके राहत नाही. तेथे ते थबकते आणि आडवे पसरते. चुलीचा धूर हिवाळ्याच्या सकाळी थोडा वर चढून गावावर आडवा पसरतो, तसाच काहीसा हा प्रकार होय. मोठे थेंब या पातळीतून निसटून वर जातात. अतिसूक्ष्म थेंब आणि विरघळलेले पदार्थ मात्र तेथेच राहतात. शिवाय विहिरीच्या मुखाशी सुमारे २९ लाख लिटर विकीर्णक द्रव्य सोडण्यात आले होते. साबण ज्याप्रमाणे तेलकटपणा सुटा करतो, त्याप्रमाणे तेलाचे आणखी बारीक कण करणे, हे या द्रव्याचे कार्य होय.

बाटल्यांचे चक्र

सागरशास्त्रज्ञाचे नित्याचे साधन म्हणजे एक धातूची चौकट. तिच्यात मध्यभागी पाण्याची विद्युत्-संवाहकता, तापमान आणि दाब मोजणारी उपकरणे असतात. संवाहकतेवरून लवणता काढता येते, दाबावरून खोली कळते आणि या सर्वांवरून पाण्याची घनता ठरते. चांगल्या प्रतीचे उपकरण सेकंदाला २४ वेळा नोंद घेते आणि तारेवाटे ती नौकेवर पाठविते. या उपकरणांच्या भोवती १२ किंवा २४ लांबट बाटल्या चक्राकार बसविलेल्या असतात. दोन्ही टोकांची झाकणे उघडी ठेवून ही चौकट खाली सोडतात. वर येताना ज्या खोलीचे पाणी हवे असेल, तेथे नौकेवरून विद्युत्-संदेश देतात आणि एकेक बाटली मिटते.

एरवी हे काम सरळ असते. तेलाच्या तवंगात मात्र ते अवघड होऊन बसते. उघडी बाटली तवंगातून खाली गेली, तर तिच्या आतील बाजूस तेल चिकटण्याचा संभव असतो आणि मग १,००० मीटरवरच्या नमुन्यात जे तेल आढळते, ते तेथील की पृष्ठभागावरचे, हे कोण सांगणार? म्हणून काही नमुन्यांसाठी अशा बाटल्या वापरतात, की ज्या मिटलेल्या स्थितीत तवंग ओलांडतात आणि काही मीटर खाली गेल्यावर उघडतात. नौकेवर आलेला नमुना द्रावकाने धुतलेल्या काचेच्या बाटलीत घेतात. बाष्पशील द्रव्यांसाठीच्या छोट्या कुप्या तर काठोकाठ भराव्या लागतात. आत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी मोजावयाचा पदार्थ त्यात निसटतो. नंतर नमुने अंधारात व थंडीत ठेवले जातात, कारण कुपीतील जंतू वाटेतच तेल खाऊन टाकू शकतात.

प्रकाशाने तेलाचा शोध

बाटल्या मोजक्याच असतात आणि समुद्र अफाट असतो. कोठे बाटली मिटावी, हे सांगणारा एखादा वाटाड्या हवा. हे काम एक प्रकाशीय उपकरण करते. कच्च्या तेलातील काही पदार्थांवर जंबुपार किंवा जांभळट प्रकाश टाकला, तर ते त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्मास अनुस्फुरण म्हणतात. चौकट खाली जात असता उपकरण सतत असा प्रकाश टाकते आणि परत येणारी चमक मोजते. १,१०० मीटरच्या सुमारास या चमकेची रेघ आलेखावर एकाएकी उसळी घेई आणि आणखी खाली गेल्यावर पुन्हा पूर्ववत होई. मे महिन्यातच संशोधन-नौकांना अशा उसळ्या आढळल्या होत्या.

परंतु केवळ चमक म्हणजे तेल नव्हे. मिसिसिपी नदी आखातात जे पाणी ओतते, त्यात कुजलेल्या पानापाचोळ्यापासून आलेले सेंद्रिय पदार्थ असतात आणि तेही अनुस्फुरण दाखवितात. शिवाय मेक्सिकोच्या आखाताच्या तळातून अनेक ठिकाणी नैसर्गिकरीत्याच तेल व वायू झिरपत असतात. तेव्हा प्रयोगशाळेत तपासणी केल्यावाचून निर्णय देता येत नाही. तेथे वायुवर्णलेखन या पद्धतीने तेलातील शेकडो घटक वेगळे केले जातात. प्रत्येक ठिकाणच्या तेलात या घटकांचे परस्पर प्रमाण निराळे असते. विशेषतः ‘होपेन’ गटातील संयुगे जंतूंना सहज पचत नसल्यामुळे दीर्घकाळ टिकून राहतात. माणसाच्या बोटांच्या ठशांवरून जशी ओळख पटते, तशी या प्रमाणांवरून तेल कोणत्या विहिरीतील आहे, हे ठरविता येते.

न दिसणारा पट्टा

जून २०१० मध्ये वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ‘सेंट्री’ नावाचे स्वयंचलित जलयान या कामी वापरले. मनुष्यरहित आणि तारेशिवाय चालणारे हे यान ठराविक खोलीवर पुढेमागे फेऱ्या मारीत जाते. त्यावर बसविलेले वस्तुमान-वर्णपटमापक पाण्यातील हायड्रोकार्बनांचे प्रमाण जागच्या जागी मोजत होते. या मोहिमेत सुमारे ५७,००० रासायनिक विश्लेषणे झाली. त्यांवरून विहिरीपासून नैर्ऋत्येकडे गेलेला एक अखंड पट्टा नकाशावर उतरला. सुमारे १,१०० मीटर खोलीवर असलेला हा पट्टा ३५ किलोमीटरहून अधिक लांब होता. त्याची रुंदी काही ठिकाणी २ किलोमीटर आणि उंची २०० मीटरपर्यंत होती.

हे ऐकून काळ्याभोर तेलाच्या नदीचे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात या पट्ट्यातील पाणी बाटलीत घेतले, तर ते स्वच्छ झऱ्याच्या पाण्यासारखे दिसे. त्यात बेंझीनसारख्या द्रव्यांचे प्रमाण लिटरला ५० मायक्रोग्रॅमहून अधिक, म्हणजे पाण्याच्या एक अब्ज भागांत पन्नासाहून अधिक भाग, इतके होते. डोळ्यांना आणि नाकाला हे प्रमाण जाणवत नाही; परंतु या खोलीवरच्या नित्याच्या पाण्याच्या मानाने ते फार मोठे होते.

पाणी कोठे वाहत आहे, हे कळल्यावाचून पट्ट्याचा माग लागत नाही. त्यासाठी ध्वनीचा उपयोग करतात. नौकेवरून किंवा तळाशी नांगरलेल्या उपकरणातून ध्वनीचे स्पंद पाठविले जातात. पाण्यातील कणांवर आदळून परतणाऱ्या ध्वनीची कंप्रता पाण्याच्या वेगानुसार किंचित बदलते. दूर जाणाऱ्या आगगाडीची शिटी ढाली वाटावी, तशातलाच हा प्रकार. खोलीवरचा प्रवाह सर्वकाळ एकाच दिशेने वाहत नव्हता. कधीकधी तो उलट फिरे आणि तेच पाणी पुन्हा विहिरीवरून जाई. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

प्राणवायूचा हिशेब

तेल खाणारे जंतू समुद्रात निसर्गतःच असतात. मेक्सिकोच्या आखातात तेल सतत झिरपत असल्यामुळे तेथे तर ते विशेष आहेत. खाद्य मिळताच ते झपाट्याने वाढतात. परंतु तेलाचे विघटन करताना त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. येथेच शास्त्रज्ञांची मोठी चिंता होती. खोल पाण्याचा हवेशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. तेथे खर्च झालेला प्राणवायू भरून निघण्यास दीर्घ काळ लागतो. जंतूंनी तेलाबरोबर प्राणवायूही संपविला, तर त्या थरातील जीव गुदमरतील. पाण्याच्या लिटरमागे १.४ मिलिलिटरहून कमी प्राणवायू उरला, तर तशी स्थिती आली असे मानतात.

प्राणवायू मोजण्यासाठी चौकटीवर विद्युत्-रासायनिक संवेदक असतो. त्याच्या पातळ पडद्यातून प्राणवायू आत शिरतो आणि त्या प्रमाणात विद्युत्-प्रवाह निर्माण होतो. पण पडद्यावर तेलाचा लेप बसला तर? मग आत येणारा प्राणवायू कमी होतो आणि पाण्यात तो भरपूर असूनही उपकरण तो कमी असल्याचे दाखविते. काही मोहिमांत आलेल्या फार कमी आकड्यांविषयी नेमकी हीच शंका उत्पन्न झाली.

ही शंका एका जुन्या पद्धतीने फेडता येते. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली ती प्रसिद्ध केली. बाटलीतील पाण्यात मँगॅनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्कली घालतात. पाण्यात प्राणवायू असेल, तर तपकिरी साका खाली बसतो. मग अम्ल घातले, की जितका प्राणवायू तितक्या प्रमाणात आयोडीन मुक्त होते. थोडा स्टार्च घातल्यास द्रव गडद निळा होतो. त्यात थायोसल्फेटाचा द्राव थेंबथेंब सोडीत गेल्यास एका क्षणी निळा रंग नाहीसा होतो. किती थेंब लागले, यावरून प्राणवायूचे प्रमाण निघते. शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल अशी ही कृती लक्षावधी रुपयांच्या उपकरणाची साक्ष तपासण्यास उपयोगी पडली.

अनेक नौकांची निरीक्षणे एकत्र करून अमेरिकी शासनाच्या संयुक्त विश्लेषण-गटाने सप्टेंबर २०१० मध्ये आपला निष्कर्ष मांडला. खोलीवरच्या त्या थरात प्राणवायू दीर्घकालीन सरासरीच्या मानाने सुमारे २० टक्के घटला होता. परंतु तो धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेला नव्हता. तेलयुक्त पाणी भोवतालच्या स्वच्छ पाण्यात सतत मिसळत राहिल्यामुळे तूट वाटली गेली होती.

एकच समुद्र, दोन उत्तरे

ऑगस्ट २०१० मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. ‘सेंट्री’च्या मोहिमेतील संशोधकांना प्राणवायूची घट फारशी आढळली नव्हती, तेव्हा जंतूंचे कार्य मंद असून पट्टा बराच काळ टिकेल, असे त्यांचे अनुमान होते. दुसऱ्या गटाला सुमारे ५ अंश सेल्सियसच्या थंड पाण्यातही तेलभक्षक जंतूंची दाट वाढ आढळली आणि काही घटकांचे प्रमाण थोड्याच दिवसांत निम्मे होते, असे दिसले. तिसऱ्या एका अभ्यासात जूनमध्ये जंतू मुख्यतः प्रोपेन व ईथेन हे वायू वापरीत असल्याचे आढळले. मिथेन तोवर बव्हंशी तसाच होता. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पुन्हा मोजमाप केले, तेव्हा मिथेनही जवळजवळ नेहमीच्या पातळीवर आलेला होता. तो सारा जंतूंनी संपविला, की त्यातील काही भाग केवळ दूर वाहून गेला, यावर पुढेही वाद चालू राहिला.

सामान्य वाचकाला असे मतभेद म्हणजे विज्ञानाचे अपयश वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः या गटांनी निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळे पदार्थ मोजले होते. उलट फिरणाऱ्या प्रवाहामुळे काही पाणी विहिरीवरून एकाहून अधिक वेळा गेले होते. अशा पाण्यात जंतूंची वाढ आधीच झालेली असल्यामुळे दुसऱ्या खेपेस आलेले तेल त्यात अधिक लवकर नाहीसे होई. नव्या पाण्यात तसे घडत नसे. मोजमापाबरोबर त्याचा दिवस, स्थान आणि खोली यांची नोंद का हवी, हे यावरून ध्यानात येते.

तेलाचा काही भाग मात्र पाण्यात राहिलाही नाही आणि नाहीसाही झाला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये विहिरीच्या नैर्ऋत्येस ११ किलोमीटरवर, १,३७० मीटर खोलीवर, तपकिरी गाळाने माखलेली आणि मरणोन्मुख प्रवाळे आढळली. पट्टा ज्या दिशेला गेला होता, तीच ही दिशा. त्या गाळातील तेलाचा ठसा मकॉन्डोच्या तेलाशी जुळला. पाण्याचा नकाशा हाती नसता, तर या प्रवाळांचा शोध कोठे घ्यावा, हेही उमजले नसते.

मासळीच्या बाजारापर्यंत

या आकड्यांवर केवळ विद्वानांची नव्हे, तर हजारो कोळी कुटुंबांची उपजीविका अवलंबून होती. २ जून २०१० रोजी आखातातील अमेरिकी संघराज्याच्या अधिकारक्षेत्रातील एक तृतीयांशाहून अधिक समुद्र, सुमारे २ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, मासेमारीस बंद होता. तो आवश्यकतेहून अधिक काळ बंद ठेवावा, तर होड्या धक्क्यालाच बांधून राहतात. घाईने उघडावा, तर दूषित मासळी लोकांच्या ताटात जाते. म्हणून समुद्र टप्प्याटप्प्याने उघडण्यात आला. त्या भागात तवंग नाही, याची खात्री करून घेऊन मासळीचे नमुने पकडले जात. प्रशिक्षित परीक्षक ते प्रथम हुंगून आणि नंतर शिजवून, चाखून पाहत. त्यानंतर प्रयोगशाळेत कर्करोगास कारण होऊ शकणाऱ्या बहुचक्री हायड्रोकार्बनांची तपासणी होई. या कसोट्यांस उतरल्यावरच तो भाग खुला होई. शेवटचा भाग १९ एप्रिल २०११ रोजी, म्हणजे स्फोटाला वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, उघडला.

आधीची नोंद

या साऱ्या परीक्षेतून एक धडा ठळकपणे पुढे आला. ‘प्राणवायू २० टक्के घटला’ असे म्हणता आले, कारण तेथील प्राणवायूची अनेक वर्षांची सरासरी उपलब्ध होती. ज्या पदार्थांची पूर्वीची नोंदच नव्हती, त्यांच्या बाबतीत किती भर तेलगळतीमुळे पडली आणि किती निसर्गतः होती, हे ठरविणे कठीण गेले. रोगी ज्वराने तापला आहे, हे कळण्यास निरोगी शरीराचे तापमान आधी ठाऊक असावे लागते.

ही गोष्ट भारतासही लागू आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या ‘मुंबई हाय’ क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले. ७ ऑगस्ट २०१० रोजी, मकॉन्डो विहिरीवर झाकण बसून महिनाही झालेला नसता, मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर होऊन इंधनतेल सांडले. गोव्याच्या पुळणींवर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे येऊन पडतात, हे तर तेथील रहिवाशांच्या नित्याच्या अनुभवाचे आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेसारख्या संस्था वर्षानुवर्षे सागरजलाची लवणता, तापमान आणि प्राणवायू यांच्या नोंदी ठेवतात. अरबी समुद्रात काही थरांमध्ये प्राणवायू निसर्गतःच फार कमी असतो. ही माहिती आधी हाती नसेल, तर उद्या एखाद्या दुर्घटनेनंतर त्या नैसर्गिक उणिवेचा दोष तेलाच्या माथी मारला जाईल, किंवा तेलाचा दोष निसर्गावर ढकलला जाईल.

शांत दिवशी, कोणतेही संकट नसताना, एखादी संशोधन-नौका समुद्रात थांबते, बाटल्यांचे चक्र खाली सोडते आणि आकड्यांचे काही स्तंभ भरून परतते. या कामाची वार्ता वृत्तपत्रांत येत नाही. परंतु ज्या दिवशी समुद्र तेलाने माखतो, त्या दिवशी हेच जुने आकडे सर्वांत मोलाचे ठरतात. कारण सागराची किती हानी झाली आणि तो कितपत सावरला, हे त्यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून सांगता येत नाही.